बैठकीएवढं स्वैपाकघर

रविवारी दुपारी आपण पिक्चर बघितला. तोच, काळा-पांढरा, इंग्रजी, हसायचा. शहरातला साहेब गावाकडं घर बांधायला काढतो आणि त्याची पार फजिती होते, तो. कितव्यांदा बघितला ते मला सांगता येणार नाही. तुझ्या मांडीवर भाजलेल्या शेंगांची परात होती. गच्चीच्या दारातनं ऊन आत आलं होतं आणि तू पाय उन्हात आणि तोंड सावलीत अशी बसली होतीस. चंदीगडच्या थंडीत चाळीस वर्षं काढली, पण तुझे पाय कधी गरम झाले नाहीत.

पिक्चर पहिल्यांदा परीनं लावून दिला होता, आपल्या संजूच्या लेकीनं. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती वाचून पोरगी हिंदीत सांगायची. "आजी, ये अंकल बोल रहे हैं, शहर का घर छोटा पड़ता है." तू म्हणालीस, "कळलं गं बाई. तोंडावरनं कळतंय की." दुसऱ्या वेळेपासनं तुला परी लागली नाही. तू साहेबाचं नाव रावसाहेब ठेवलंस. त्याच्या टोपीवाल्या बायकोला ताईसाहेब म्हणायचीस, आणि मेस्त्री झाला किसनमेस्त्री. तिघांच्याही तोंडात तू आपल्या गावची भाषा घातलीस. ताईसाहेब नुसत्या मोकळ्या रानात उभ्या राहून पडदे कुठं लावायचे ते हातानं दाखवायला लागल्या की तू म्हणायचीस, "भिंत न्हाई, छप्पर न्हाई, अन् बाईचं पडदं चाललंय. माझ्यासारखीच हाय ही." आणि फसकन हसायचीस. शेंगेची फोलं माझ्या अंगावर यायची.

मला त्या पिक्चरमधली एक जागा आवडायची नाही. रावसाहेब घराच्या चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतो, दोरी बांधतो, आणि स्वतःच त्या दोरीत पाय अडकून पडतो. खुंटी उपटून येते. तो इकडं बघतो, तिकडं बघतो. कुणी बघितलं नाही म्हटल्यावर अंदाजानं भलतीकडंच ती परत ठोकतो आणि शीळ घालत निघून जातो. पुढं भिंत तिरकी येते. मग हाच शहाणा मेस्त्रीवर ओरडतो, बायकोवर ओरडतो. पिक्चर संपताना सगळे तिरक्या ओसरीवर जेवायला बसतात आणि बशा घसरत जातात.

ती जागा आली की तू पडद्याकडं बघायची नाहीस, माझ्याकडं बघायचीस. आणि दर वेळी विचारायचीस, "अवो, मग ह्यात चुकलं कुणाचं?"

मी म्हणायचो, "मेस्त्रीचं."

"बरं," म्हणायचीस आणि शेंग फोडायचीस.

या रविवारीही विचारलंस. पण या रविवारी माझ्या पोटात काहीतरी होतं, ते पुढं सांगतो. मी म्हणालो, "साहेबाचं."

तुझा हात परातीत थांबला. तू म्हणालीस, "आन्?"

"आन् काय? पिक्चर बघ गप."

तू हसलीस. "बरं. आज एवढं बास," म्हणालीस.

सोमवारी दुपारी तू गेलीस. दवाखान्यात काय झालं, डॉक्टर काय म्हणाला, ते संजूनं सगळ्यांना सांगितलंय, मी परत सांगत नाही. मला लिहायला जमत नाही. चौथी शिकलेला माणूस मी, चिठ्ठ्यांपलीकडं काही लिहिलं नाही. पण तुझ्याशी बोलायचं राहिलंय ते कुठंतरी ठेवायला पाहिजे.

आपला धंदा गलाईचा. सराफांचं जुनं सोनं आणायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं, ज्याचं त्याला परत द्यायचं. आपल्या भागातनं किती माणसं या धंद्यापायी देशभर पांगली. आपण चंदीगडच्या तेवीस सेक्टरला आलो. माझी छाती एकाच गोष्टीनं फुगायची आणि ते तू हजारदा ऐकलंयस: एका गिऱ्हाइकाचं सोनं दुसऱ्याच्या पुडीत कधी गेलं नाही. प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीवर नाव, पुडीला माझ्या हातची घडी. सरदारजी सराफ म्हणायचे, "मराठा जी की पुड़िया पक्की." तेच मी घरी येऊन तुला सांगायचो. तू माझ्या तेजाबानं पिवळ्या पडलेल्या बोटांना खोबरेल लावत म्हणायचीस, "व्हय, ठावं हाय. भाकरी खावा."

आणि आपण राहायचो कुठं? कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गच्चीवरच्या एका खोलीत. बरसाती म्हणतात तिला इथं. एका कोपऱ्यात तुझा स्टो, दुसऱ्या कोपऱ्यात संजूचा अभ्यास, मधे आपली अंथरुणं. भाकरी थापताना तुझा कोपर भिंतीला लागायचा. भिंतीवर त्या जागी तेलकट डाग पडला होता, घर सोडताना मालकिणीनं दाखवला. खाली राहायच्या त्या बीजी.

मग गावाकडं घर बांधायचं ठरलं. सगळे गलाईवाले बांधत होते, दोन-दोन मजली. मी म्हणालो, बैठक मोठी पाहिजे, खालच्या बीजींच्या हॉलएवढी. भावकी येऊन बसली पाहिजे, बघितलं पाहिजे की बाबा चंदीगडला जाऊन ह्यानं काय केलं. तू म्हणालीस, मला काय नको, ही बरसाती आहे एवढं स्वैपाकघर द्या. नुसतं स्वैपाकाला एवढं. तुला ती केवढी चैन वाटत होती!

फूट-इंच तुला कळत नव्हतं आणि टेपावर तुझा विश्वास नव्हता. तू सुतळी घेतलीस. बरसाती मोजलीस, आडवी आणि उभी, एकाच सुतळीला मधे गाठ मारून. खाली जाऊन बीजींचा हॉल मोजलास तसाच, दुसऱ्या सुतळीनं. दुसरं टोक बीजींनी स्वतः धरलं होतं आणि हसत होत्या, "पारो, तू मेरा घर चुरा के ले जा रही है?" मग स्वैपाकघराच्या दोरीचं टोक तू हळदीत बुडवलंस. मला बजावलंस, "पिवळं टोक माझं. साधं टोक तुमच्या बैठकीचं."

मी म्हणालो, "हळद-बिळद मेस्त्रीला कळत नसती. मी लिहून देतो."

दुकानात बसून दोन पुड्या केल्या. एकीवर लिहिलं बैठक, एकीवर स्वैपाक. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मूस तापलेली होती, मी उठलो, परत बसलो, दोऱ्या पुड्यांत घातल्या, घडी मारली, आणि गावाला जाणाऱ्या माणसाबरोबर थोरल्या भावाकडं, दादाकडं पाठवून दिल्या.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. मधे एकदा दादाचा फोन आला होता. "आरं, मेस्त्री इचारतोय, स्वैपाकघर लई मोठं निघालंय. बरोबर हाय का?" मी भट्टीपुढं घामानं भिजलेलो. ओरडलो, "माप दिलंय ना? मग माप म्हणजे माप! चंदीगडात घरं अशीच असत्यात!" दादानं बिचाऱ्यानं मेस्त्रीला तेच सांगितलं.

वास्तुशांतीला आपण पोचलो तेव्हा स्लॅब पडून वाळला होता. दारातनं आत शिरलो तर बैठकीत सहा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. सातवा उंबऱ्यावर. आणि मागं स्वैपाकघर, त्यात बैलगाडी फिरवावी! आक्का, माझी वहिनी, मोठ्यानं म्हणाली, "आमच्या जावबाईला चंदीगडात जेवाय मिळत नसंल." सगळ्या बायका हसल्या. मी मेस्त्रीच्या अंगावर गेलो. त्यानं पिशवीतनं दोन्ही पुड्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "तुमचीच चिठ्ठी हाय, मालक. वाचा."

मी वाचलं. माझंच अक्षर, माझीच घडी. बैठक लिहिलेली पुडी उघडली आणि आतनं पिवळं टोक बाहेर आलं.

मला तिथंच कळलं. जे सोन्याच्या बाबतीत कधी केलं नाही ते मी आपल्या घराच्या बाबतीत केलं होतं. पुड्या बदलल्या होत्या. मी दोन्ही पुड्या खिशात कोंबल्या आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "दोऱ्या हिनं मोजल्या. अडाणी बाईच्या हातात माप दिलं की असं होतं."

तू पुरणाच्या पोळ्यांची परात घेऊन उभी होतीस. तू माझ्या खिशाकडं बघितलंस. पुडीतनं दोरीचं टोक लोंबत होतं. मला वाटलं, हिला वाचता येत नाही, हिला काय कळतंय. मग तू पंगतीत वाढायला गेलीस.

याला अठरा वर्षं झाली. दर सुट्टीला गावाकडं गेलो की कुणीतरी तुला टोमणा मारायचंच. "काय पारू, आणि किती मोठं पायजे हुतं?" तू हसून घ्यायचीस. मी पानाला चुना लावत बसायचो.

पण तुझं डोकं! ते मला आज सगळ्यांना सांगायचंय. दुसरी बाई रडत बसली असती. तू निघताना किल्ली आक्काच्या हातात दिलीस. जी पहिल्यांदा हसली तिच्याच! म्हणालीस, "आक्का, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजवायला, शेवया घालायला हितं यावा. अंगणात ऊन्ह लागतं, धूळ बसती. जागा मोकळीच हाय." पहिल्या वर्षी पाच-सहाजणी आल्या. मग सगळी आळी. आता बचत गटाच्या बायका तिथंच चटण्या कुटतात, पापड लाटतात. आपल्या गावात गलाईवाल्यांची दुमजली घरं रांगेनं उभी आहेत, ग्रॅनाइटची, आणि वर्षातले अकरा महिने कुलपात. पारवी घुमतात आत. आपलं एकट्याचं घर रोज उघडतं, रोज झाडतं, रोज त्यातनं खमंग वास येतो. हे माझ्या पैशानं झालं नाही, तुझ्यामुळं झालं.

आणि दादाच्या नातवाच्या लग्नात वळीव आला तेव्हा? मांडव भुईसपाट, चिखल, वऱ्हाड ओलंचिंब. सगळी पंगत तुझ्या स्वैपाकघरात बसली. एक उठली, दुसरी बसली, तिसरी बसली. नवरीकडचा पाहुणा मला म्हणाला, "काय जागा काढलीया, पाव्हणं!" मी मिशीवरनं हात फिरवून म्हणालो, "मुद्दामच मोठं ठेवलंय." तू मागं भाताचं पातेलं घेऊन उभी होतीस. पदर तोंडात कोंबलास, पण खांदे हलत होते. मला वाटलं बाईला ठसका लागला.

एवढं सगळं बघूनही मी सुधारलो नाही. दर वेळी गावाला गेलो की माझं एकच. "मधे भिंत घालू. इकडं स्वैपाक, तिकडं देवघर. नीट दिसंल." तू म्हणायचीस, "एक वीट जरी लावली तर चूल अंगणात मांडीन अन् चारचौघात तिथं रांधीन." आपलं हे भांडण अठरा वर्षं चाललं. तुला वाटत असेल हा हट्टी आहे. हट्टी आहेच. पण खरं कारण वेगळं होतं. त्या स्वैपाकघरात पाय टाकला की मला माझी चुकलेली पुडी दिसायची. भिंत घातली की झाकली जाईल असं वाटायचं.

आता ते पोटातलं सांगतो. तुला न विचारता मी विटा टाकायला सांगितल्या होत्या. शनिवारी आपल्या अंगणात विटांची ट्रॉली उतरली. गुरुवारी काम सुरू व्हायचं होतं. आक्काला म्हटलं, हिला एवढ्यात कळू देऊ नका. म्हणजे रविवारी तू माझ्याकडं बघत होतीस तेव्हा विटा पडलेल्या होत्या. आणि त्या पिक्चरमधला गडी खुंटी भलतीकडं ठोकून शीळ घालत चालला होता. त्याच्याकडं बघून मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली. "साहेबाचं" एवढंच तोंडातनं निघालं. पुढचं ओठापर्यंत आलं होतं. पण म्हटलं, परवा सांगू, पळून कुठं जातेय.

तुझा माझ्यावर राग होता का, ते मी कधी विचारलं नाही. तू मला कधी उलट बोलली नाहीस असं लोक म्हणतात. खोटं आहे. तू लई बोलायचीस. मीठ कमी झालं म्हटलं की "तुमच्या जिभेला तेजाब लागलंय" म्हणायचीस. बीजींसमोर मी हिंदी झाडायला लागलो की मागनं चुका काढायचीस. फक्त त्या एका गोष्टीवर अठरा वर्षं तोंड उघडलं नाहीस. मी ते माझं नशीब समजत होतो.

सोमवारी संध्याकाळी तुला पंचवीस सेक्टरच्या स्मशानात नेलं. मंगळवारी सकाळी उठलो, अंघोळ केली. सून म्हणाली, "बाबा, चहा तरी घ्या." म्हटलं, आधी फोन लावून दे गावाला, आक्काला.

आक्कानं फोन उचलला. मागं बायकांची कुजबुज ऐकू येत होती. मी विचारलं, "कुठं आहात?"

"कुठं असणार, भावजी. पारूच्या स्वैपाकघरात. सगळी आळी येऊन बसलीया."

"फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ठेवा. सगळ्यांनी ऐकायला पाहिजे."

संजू, सून, परी माझ्याकडं बघत होते. संजूनं हात धरला. मी सोडवून घेतला. मी उभा राहिलो. का कोण जाणे, बसून बोलवेना.

म्हणालो, "दोऱ्या तिनं बरोबर मोजल्या होत्या. पुड्या मी बदलल्या. चिठ्ठी माझी, चूक माझी. मला त्याच दिवशी कळलं होतं आणि मी तुमच्या सगळ्यांसमोर तिला अडाणी म्हणालो. ती अडाणी नव्हती. मी होतो."

  मग आक्काचा आवाज आला, रडून बसलेला.

"भावजी, आम्हाला ठावं हाय."

"काय ठावं आहे?"

"तिनं वास्तुशांतीलाच पिवळं टोक बघितलं हुतं. मी टोमणं मारायची तर एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं. नंतर सगळ्याजणींना ठावं झालं. पण म्हणाली, ह्यांना बोलू नका. पुडी चुकली म्हटल्यावर त्या माणसाला भट्टीपुढं बसता यायचं न्हाई. हात कापतील, तेजाब सांडंल. ज्या दिवशी म्हणायचं त्या दिवशी ते आपल्या तोंडानं म्हणतील. तवर तुम्ही मलाच हसा."

अगं, म्हणजे ते टोमणे! ते टोमणे मारणाऱ्या बायकांना माहीत होतं, ऐकणारीला माहीत होतं, आणि चुना लावत बसलेला मी तेवढा येडा होतो. अठरा वर्षं तुम्ही सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होता. आणि तो ठसका! परी मला नंतर म्हणाली, "आबा, आप हँस रहे हो या रो रहे हो?" 

आक्कानं नाक ओढलं. "भावजी, अंगणातल्या विटांचं काय करायचं? मेस्त्री परवा येतो म्हणालाय."

"येऊ दे त्याला. अंगणात लांब कट्टा बांधायला सांगा. पुरुषमाणसं बसतील. बैठकीत मावत नाहीत."

"आन् भिंत?"

"भिंत नाही. किल्ली तुमच्याकडंच राहू दे. उन्हाळ्यात कुरडया तिथंच झाल्या पाहिजेत."

"व्हय," आक्का म्हणाली.

फोन ठेवायच्या आधी मी विचारलं, "आत्ता किती जणी आहात तिथं?"

आक्कानं मोजलं असावं, जरा वेळ लागला. "चाळीस-पन्नास असतील, भावजी. खालच्या आळीच्या आत्ता दारात उभ्या हायेत."

"मावतील का?"

"मावतील की," आक्का म्हणाली. "लई जागा हाय."